हा ‘मी’ कोणाचा?

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली १५२० सेजविक ॲव्हेन्यू ही इमारत. सिंडी कॅम्पबेल या शाळकरी मुलीला सुट्टी संपून शाळेत जाताना नवे कपडे हवे होते, म्हणून तिने इमारतीच्या सामायिक खोलीत एक पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. आमंत्रणे हाताने लिहिलेली. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. हा जमैकात, किंगस्टनला जन्मलेला आणि वस्तीत ‘कूल हर्क’ म्हणून ओळखला जाणारा. नाचणारी पोरे गाण्यातल्या नेमक्या कुठल्या जागेची वाट बघतात, हे त्याने हेरले होते. गाणारा थांबतो, बाकीची वाद्ये मागे सरतात आणि नुसता ठेका उरतो, ती जागा. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी लावून तेवढीच जागा पुन्हा पुन्हा फिरवायची, ही हर्कची युक्ती. त्या लांबलेल्या ठेक्यावर माइक हातात घेऊन कोणी बोलू लागले आणि त्या बोलण्याचे पुढे रॅप झाले.

अमेरिकेच्या सिनेटने २०२१ मध्ये ठराव करून ११ ऑगस्ट हा दिवस हिप-हॉपच्या नावे केला. आज जगभर आठवण निघेल ती बहुतेक ठेक्याची, नाचाची, भिंतींवरच्या रंगांची. ती निघायलाच हवी. पण या कलेतला जो भाग माझ्या आयुष्याला कायमचा चिकटला तो शब्दांचा, आणि त्यातही नव्वदच्या दशकातल्या शब्दांचा. त्या दहा वर्षांत न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, अटलांटा इथल्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी गोष्ट सांगण्याची एक रीत घडवली. या रीतीकडे कथनकला म्हणून फार थोड्यांनी पाहिले. धमकी म्हणून, कबुलीजबाब म्हणून पाहणारे मात्र पुष्कळ निघाले. हे पाहणे चुकीचे होते असे मला वाटते आणि आजच्या दिवशी लिहावेसे वाटते ते त्याबद्दल.

आधी त्या १९७३ सालाकडे. हर्कची पार्टी झाली त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्याने अमली पदार्थांविरुद्ध नवे कायदे केले. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या नावाने ते ओळखले जातात. ठरावीक वजनाहून जास्त हेरॉइन विकले किंवा जवळ सापडले तर किमान १५ वर्षे कैद आणि कमाल जन्मठेप. १९८६ मध्ये देशाच्या कायद्याने याच्याही पुढची पायरी गाठली. विक्रीसाठी पाच ग्रॅम क्रॅक जवळ सापडले तर पाच वर्षे सक्तीची कैद. तेवढीच कैद व्हायला कोकेनची पूड ५०० ग्रॅम लागे. पदार्थ एकच होता. क्रॅक विकले जाई ते गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांच्या कोपऱ्यांवर, आणि पूड परवडे ती पैसेवाल्यांना. शंभरपटीचा हा भेद २०१० पर्यंत कायद्यात होता, आणि तेव्हाही तो मिटला नाही, अठरापटीवर आला.

आणि त्याच १९७३ च्या सप्टेंबरात, पार्टीनंतर पाचव्या आठवड्यात, ब्रुकलिनमध्ये नासिर जोन्स या मुलाचा जन्म झाला. कुटुंब लवकरच क्वीन्सब्रिजला राहायला गेले. १९३९ मध्ये उभी राहिलेली, तीन हजारांहून अधिक घरांची ही सरकारी वसाहत अमेरिकेतली सर्वांत मोठी मानली जाते. वडील ओलू दारा मिसिसिपीतल्या नॅचेझ गावाहून आलेले जॅझवादक, कॉर्नेट वाजवणारे. मुलाने आठवीतच शाळा सोडली. १९९२ च्या मे महिन्यात त्याचा बालमित्र वसाहतीतच गोळी लागून गेला. त्याच रात्री धाकटा भाऊही जखमी झाला. दोन वर्षांनी, १९ एप्रिल १९९४ ला, वयाच्या विसाव्या वर्षी ‘नॅझ’ या नावाने त्याचा पहिला अल्बम आला. नाव ‘इल्मॅटिक’. मुखपृष्ठावर सात वर्षांच्या नासिरचा चेहरा आहे आणि चेहऱ्यातून वसाहतीचा रस्ता दिसतो.

माझ्याकडे तो अल्बम आला कॅसेटच्या रूपात. न्यू जर्सीत नोकरीला असलेला मामेभाऊ १९९७ च्या दिवाळीत घरी आला होता, तो जाताना चार कॅसेट ठेवून गेला. मी तेव्हा कॉलेजात, रोज कल्याणहून गाडीने जाणारा. वॉकमन लावला आणि कानात पहिला आवाज आला तो गाडीचा. पुलावरून जाणाऱ्या लोखंडी गाडीचा खडखडाट. क्षणभर तो बाहेरच्या गाडीचा की आतल्या, हे कळेना. कॅसेटच्या दोन बाजूंनाही नेहमीसारखे अ आणि ब असे लिहिलेले नव्हते. एका बाजूचे नाव वसाहतीच्या चाळिसाव्या रस्त्याकडचे, दुसरीचे एक्केचाळिसाव्याकडचे. म्हणजे कॅसेट उलटली की तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जात होता.

पहिल्या महिन्यात मला त्यातले निम्मेही कळले नाही. शब्दकोशात ते शब्द नव्हते. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मी ओळी वहीत उतरवून घेत असे आणि मग मामेभावाला पत्रातून अर्थ विचारत असे. हे काम मला अपरिचित नव्हते, कारण नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ मी आदल्याच वर्षी वाचला होता. त्या पुस्तकाची प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकरांनी पुस्तकाला ज्याचे नाव आहे तो भाग ढसाळांबरोबर पायी पाहिला, आणि न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांना विचारून घेतले. नाटककार म्हणून नाव झालेल्या माणसाने तरुण कवीपुढे वही धरून बसावे, यात मला वाचनाचा एक धडा दिसला होता. आपल्याला न कळणारी भाषा म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे. तिचे जाणकार असतात आणि त्यांना विचारावे लागते.

विचारत गेलो तशी कारागिरी दिसू लागली. रॅपचे कडवे बहुधा सोळा ‘बार’चे असते. बार म्हणजे चार ठोक्यांचे एक आवर्तन. मिनिटाला नव्वद ठोके धरले तर सोळा बार त्रेचाळीस सेकंदांत संपतात. एवढ्या अवधीत जागा सांगायची, वेळ सांगायची, माणसे उभी करायची आणि घटना पुढे न्यायची. शिवाय यमक सांभाळायचे. मोरोपंतांच्या आर्या पाठ केलेल्या कानाला यमकाचे कौतुक नवे नाही, पण इथले यमक ओळीच्या टोकाला थांबत नाही. हा बदल मुख्यतः रॅकिम या रॅपरने १९८७ च्या सुमारास घडवला. तो सॅक्सोफोन वाजवत असे आणि जॅझमधले श्वासाचे हिशेब त्याला ठाऊक होते. त्याच्याआधीचे बहुतेक रॅपर ओळ संपली की यमक जुळवून समेवर येत. रॅकिमने यमके ओळीच्या पोटात पेरली, वाक्य बारच्या रेषेवरून पुढे ढकलले आणि आवाज खाली ठेवला. ओरडून गर्दी जिंकायची गरज उरली नाही. आवाज उतरल्यामुळेच गोष्ट सांगता येऊ लागली, असे मला वाटते. गर्जना करणारा माणूस बारकावे सांगू शकत नाही.

गोष्टीची चौकट मात्र दुसऱ्याने आणली. लंडनमध्ये जन्मलेला, जमैकन आईबापांचा, एका डोळ्यावर पट्टी बांधणारा स्लिक रिक याने १९८८ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये मुलांना झोपवताना सांगायच्या गोष्टीचा घाट घेऊन एका चोरट्या मुलाचा अंत सांगितला. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज, मध्येच मुलांचे प्रश्न, शेवटी अंथरूण. नव्वदच्या दशकातला प्रत्येक चांगला कथाकार त्याचे देणे लागतो.

ठेक्याचेही थोडे सांगायला हवे, कारण तोही गोष्टच सांगतो. त्या काळात बहुतेकांच्या हाताशी असलेले एसपी-१२०० हे यंत्र १९८७ मध्ये आले. त्यात जुन्या तबकड्यांतले तुकडे साठवायला सगळी मिळून सुमारे दहा सेकंदांची जागा होती. म्हणून मुले तबकडी वेगाने फिरवून तुकडा घेत आणि मग यंत्रात तो पुन्हा संथ करत. त्या ओढाताणीत आवाजाला एक खरखरीतपणा येई. आज तीच खरखर त्या दशकाची खूण मानली जाते. मला त्यात आईबापांच्या पिढीचे संगीत ऐकू येते. घरातल्या जुन्या तबकड्यांमधले जॅझ आणि सोल मुलांनी आपल्या गोष्टीखाली अंथरले होते. ‘इल्मॅटिक’मध्ये तर एका गाण्याच्या शेवटी खुद्द ओलू दारा यांचे कॉर्नेट आहे. मुलगा आणि त्याचा जोडीदार एझी जगण्याच्या क्षणभंगुरतेबद्दल बोलून थांबतात आणि बाप वाजवू लागतो.

पण मला सर्वांत जास्त शिकवले ते कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवरच्या ‘वन लव्ह’ने. क्यू-टिपने केलेला ठेका, त्याखाली हीथ ब्रदर्स या जॅझ संचाचा एक तुकडा संथपणे फिरत राहतो. गाणे म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रे. बाहेर काय चालले आहे ते निवेदक कळवतो: तुझा मुलगा कसा दिसतो, तुझी मैत्रीण कशी वागते आहे, कोण कोणाशी फितूर झाला, कोण मेला. वस्तीची बातमीपत्रेच ती. त्यात एकही तक्रारीचे भाषण नाही, कायद्याचे नाव नाही, रॉकफेलरचे नाही. तरी ऐकणाऱ्याला उमगते की या मुलाची अर्धी मित्रमंडळी आत आहेत आणि टपाल हाच त्यांच्यातला रस्ता आहे. शेवटच्या कडव्यात पत्र थांबते. निवेदक काही दिवस बाहेर राहून परततो, बाकावर बसतो आणि शेजारी एक बारा वर्षांचा मुलगा येऊन बसतो. मुलगा धंद्यात उतरला आहे. मोठा त्याला काही सांगू पाहतो. तो त्याला शाळेत जा असे सांगत नाही, कारण तसे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही हे त्याला ठाऊक आहे. नेम धरताना नको त्याला गोळी लागू नये, एवढेच तो शिकवू शकतो. हा सल्ला ऐकून मी गाडीत वॉकमन बंद केल्याचे आठवते. विशीतल्या मुलाने लिहिलेल्या या प्रसंगात उपदेश नाही, आणि तरीही उपदेश करू न शकणाऱ्या माणसाची सगळी हतबलता आहे.

इथे बोलणारा ‘मी’ नासिर जोन्सच आहे का? आहेही आणि नाहीही. तो त्या बाकावर बसलेला असेल. पण गाण्यातला माणूस त्याने रचलेला आहे, त्याच्या तोंडी काय घालायचे आणि काय गाळायचे हे ठरवून. याचा पुरावा दोनच वर्षांत त्याने दिला. १९९६ च्या दुसऱ्या अल्बममध्ये ‘आय गेव्ह यू पॉवर’ या गाण्यात ‘मी’ म्हणून बोलते ती बंदूक. कपाटात लपवलेली, हातोहात फिरलेली, आपल्याकडून काय काय करवून घेतले गेले याने थकलेली. एका क्षणी ती ठरवते की आता चालायचे नाही. मालक मरतो. ती रस्त्यावर पडते आणि दुसरा कोणीतरी तिला उचलतो. ज्याला हे ऐकून कळत नाही की रॅपमधला ‘मी’ हे एक पात्र असते, त्याला कुठल्याच उदाहरणाने कळणार नाही.

ब्रुकलिनचा क्रिस्टोफर वॉलेस, म्हणजे ‘नटोरियस बी.आय.जी.’, याची तऱ्हा वेगळी होती. तो कागदावर लिहीत नसे. ओळी डोक्यात जुळवून थेट माइकपुढे उभा राही. जमैकाहून आलेल्या, मुलांना शिकवणाऱ्या आईचा हा एकुलता मुलगा मोठा नाटककार होता. ‘वॉर्निंग’ या गाण्यात पहाटे पेजर वाजतो, फोन होतो, आणि फोनच्या दोन्ही टोकांना बोलतो तो वॉलेसच. एक आवाज घाबरलेला, दुसरा झोपेतून उठून हळूहळू थंड होत जाणारा. सप्टेंबर १९९४ च्या ‘रेडी टू डाय’ या अल्बमची सुरुवात जन्माच्या आवाजांनी होते आणि शेवट निवेदकाच्या आत्महत्येने, तोही फोनवर, पलीकडचा मित्र हाका मारत असताना. त्याच्या ‘आय गॉट अ स्टोरी टू टेल’ची रचना तर मला आजही चकित करते. आधी तो गोष्ट यमकात सांगतो. मग ठेका चालू असतानाच मित्रांच्या घोळक्यात बसून तीच गोष्ट साध्या गद्यात पुन्हा सांगतो, आणि मित्र मध्ये मध्ये हसतात. एकच प्रसंग पद्यात काय होतो आणि गप्पांत काय होतो, हे श्रोत्याने शेजारी ठेवून पाहावे. आमच्या कुठल्याही साहित्याच्या वर्गात मला कथनाचा इतका सोपा आणि पक्का पाठ मिळाला नाही.

तुपाक शकूरकडे एवढी कलाकुसर नव्हती. त्याच्याकडे तळमळ होती आणि ती त्याने लपवली नाही. त्याची आई अफेनी ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. कटाच्या खटल्यात गरोदर असताना तिने स्वतःचा बचाव स्वतः केला आणि १९७१ च्या मे महिन्यात निर्दोष सुटली. जूनमध्ये तुपाक जन्मला. (त्याच पँथरांचे नाव पुढच्या वर्षी मुंबईत दलित पँथरने घेतले. ढसाळ तिच्या संस्थापकांपैकी एक.) १९९१ मध्ये तुपाकने बारा वर्षांच्या एका मुलीबद्दल वर्तमानपत्रात वाचले. तिने आपले नवजात मूल कचऱ्यात टाकले होते. त्या बातमीतून ‘ब्रेंडाज गॉट अ बेबी’ हे गाणे झाले. नेहमीसारखी दोनतीन कडवी नाहीत. एकच लांब कडवे, न थांबता, मुलीच्या घरापासून तिच्या मृत्यूपर्यंत. मध्ये धृपद आणून श्रोत्याला उसंत द्यायची नाही, हे त्याने ठरवले असणार. पत्रकार बातमी देऊन पुढे गेला होता. वीस वर्षांच्या गायकाने तीच बातमी उचलून विचारले की ही मुलगी कोणाची होती, तिच्या घरात कोण होते, शेजाऱ्यांनी काय पाहिले.

आणि चार वर्षांनी ‘डिअर मामा’. क्रॅकच्या आहारी गेलेल्या आईला मुलाने लिहिलेले हे गाणे. दोष लपवलेला नाही, आणि माया कमी नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात त्याला स्थान दिले. ‘इल्मॅटिक’ला ते २०२१ मध्ये मिळाले.

इथवरचे कौतुक मी मनापासून केले. आता जे बोचते तेही बोलले पाहिजे. या गाण्यांत स्त्रियांविषयी जे बोलले जाते त्यातले बरेचसे घृणास्पद आहे. ते ‘पात्राचे बोल’ म्हणून झटकता येत नाही, कारण ते एका पात्राचे नाही, गाण्यामागून गाण्यात तेच येते, आणि वक्त्याकडे पाहणारी कुठलीही दुसरी नजर तिथे नसते. ज्याने ब्रेंडाची गोष्ट सांगितली त्याच तुपाकला १९९४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ज्युरीने लैंगिक अत्याचाराच्या काही आरोपांत दोषी ठरवले. इतर आरोपांतून तो सुटला. ‘डिअर मामा’चा अल्बम बाजारात आला तेव्हा तो तुरुंगात होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी त्या एकत्रच सांगतो. या बोलण्याला उत्तर बायकांनी दिले. रॅपर क्वीन लतीफाने १९९३ मध्ये ‘यू.एन.आय.टी.वाय.’ या गाण्यात रस्त्यावरची छेडछाड आणि घरातली मारहाण यांवर थेट बोट ठेवले, आणि ते आपल्याच क्षेत्रातल्या पुरुषांना ऐकवले. त्यासाठी तिला ग्रॅमी मिळाले. लॉरिन हिलचा १९९८ चा एकल अल्बम पुढच्या वर्षी ग्रॅमीमध्ये वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला. हिप-हॉपला तो मान तोवर मिळाला नव्हता. आपले बाळ ठेवू नकोस, असे सांगणारे सल्ले डावलून त्याला जन्म देणाऱ्या तरुण आईचे गाणे त्यात आहे. ब्रेंडाच्या गाण्यानंतर सात वर्षांनी तिथे आई स्वतः बोलते. माझ्या कॅसेटच्या कप्प्यात या दोघींचा आवाज उशिरा आला, आणि आल्यावर बाकीच्या कॅसेट मी वेगळ्या कानांनी ऐकल्या.

पात्र आणि माणूस यांतली सीमा पुसली गेली की काय होते, हे त्या दशकाने दाखवलेच. सप्टेंबर १९९६ मध्ये लास व्हेगासला तुपाकवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सहा दिवसांनी तो गेला. वय पंचवीस. ९ मार्च १९९७ ला लॉस एंजेलिसमध्ये वॉलेस मारला गेला. वय चोवीस. सोळा दिवसांनी त्याचा दुसरा अल्बम बाहेर पडला. दोघांमधले भांडण मासिकांनी आणि कंपन्यांनी पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा म्हणून वाढवले, कारण ते खपत होते. दोन नाट्यलेखकांना त्यांच्याच नाटकातली माणसे समजून बाजाराने मैदानात उतरवले आणि तेही उतरले.

हाच घोळ आता न्यायालयात चालतो, आणि तिथे त्याची किंमत कैदेच्या वर्षांत मोजली जाते. अमेरिकेत सरकारी वकील आरोपीच्या रॅपच्या ओळी ज्युरीसमोर वाचून दाखवतात: पाहा, याने स्वतःच कबूल केले आहे. जॉनी कॅशच्या प्रसिद्ध गाण्यातला कैदी माणूस मारल्याचे सांगतो. त्यावरून कॅशला कोणी खुनी ठरवले नाही. तो गोरा होता आणि त्याचे गाणे गाणे म्हणून ऐकले गेले. गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय मुलाने ‘मी’ म्हटले की त्याला कल्पना करण्याचीच मुभा उरत नाही. त्याने सांगितले ते घडलेच असणार, असे धरले जाते. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून न्यायाधीशांवर बंधन घातले की अशा ओळी पुरावा म्हणून घेण्याआधी त्या कलेचा भाग आहेत हे तोलून पाहा. तरीही २०२३ च्या नोव्हेंबरात जॉर्जियातल्या न्यायालयाने यंग ठग या रॅपरच्या खटल्यात त्याच्या ओळी वाचायला अटींसह परवानगी दिली. ज्या देशाच्या ग्रंथालयाने ‘इल्मॅटिक’ जपून ठेवायला घेतले, त्याच देशाच्या कोर्टात त्याच्या धाकट्या भावंडांचा असा उपयोग होतो. हा अन्याय आहे, आणि तो ऐकता न येण्यातून झाला आहे.

आपल्याकडे हा विषय परका राहिलेला नाही. अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी या रॅपरांचे ‘मेरे गली में’ हे गाणे २०१५ मध्ये आले. त्यांच्या आयुष्यावरून सुचलेल्या ‘गली बॉय’ या २०१९ च्या चित्रपटाशी कार्यकारी निर्माता म्हणून नॅझचे नाव जोडलेले आहे आणि त्या चित्रपटाच्या निमित्ताने निघालेल्या एका गाण्यात तो या दोघांसोबत बोलतोही. क्वीन्सब्रिजचा तो आवाज, जो मी कल्याणच्या गाडीत ऐकला होता, बावीस वर्षांनी मुंबईच्या गल्लीतल्या पोरांच्या शेजारी उभा राहिला. त्याच वर्षी ‘स्वदेसी’ या मुंबईच्या संचाने आरेच्या जंगलातल्या आदिवासींचे म्हणणे ‘द वारली रिव्हॉल्ट’मधून मांडले. मराठी रॅपही आता पुण्यात, कोकणात, विदर्भात लिहिले जाते. त्यातले काही कच्चे आहे, काही नुसती मिरवणूक आहे, आणि काही इतके चांगले आहे की आपल्या वाङ्मयीन मासिकांनी त्याची दखल घ्यायला हवी होती. शाहिराला आपण सन्मानाने व्यासपीठावर बसवतो. त्याच्याच वस्तीतल्या नातवाने ठेका बदलला की आपण आधी पेहराव पाहतो, मग शिवी मोजतो आणि शब्दांपर्यंत पोचतच नाही.

माझी विनंती त्या पालकांना, शिक्षकांना आणि पोलीस ठाण्यातल्या साहेबांनाही आहे, ज्यांच्यासमोर अशा एखाद्या मुलाचे गाणे येते. ते बंद करण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. न कळलेला शब्द त्यालाच विचारा. तो सांगेल, आणि आनंदाने सांगेल. यातला ‘मी’ कोण आहे तेही विचारा. आणि ज्यांनी नव्वदच्या दशकातले यातले काहीच ऐकलेले नाही, त्यांनी आज रात्री घरातली कामे आटोपल्यावर ‘इल्मॅटिक’ लावावे, शब्द समोर ठेवून, पहिल्या गाडीच्या आवाजापासून. चाळीस मिनिटांना काही सेकंद कमी, एवढाच त्याचा वेळ आहे.